चौथ्या डावातलं उणं

चूक दाखवणं हा माझा धंदा आहे. अमरावतीत चौदा वर्षं मी अकरावी-बारावीचं गणित शिकवतोय आणि पोरांच्या वहीत लाल गोल मारताना माझा हात कधी अडखळला नाही. कुलदीप सर तोंडाने फटकळ आहेत, पण चूक सोडत नाहीत, असं पालक म्हणतात. ते खरंच आहे. एक चूक मात्र मी सोडली, तीही जाणूनबुजून. ती ज्याची होती तो माणूस दर रविवारी सकाळची गाडी पकडून अकोल्याहून माझ्याकडे येत होता.

इमादभाई घड्याळं दुरुस्त करतात. अकोल्याच्या बाजारात त्यांचं दुकान आहे. त्यात दोन माणसं बसली की तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं, एवढंच ते. चार वर्षांपूर्वी नागपुरात एका दुकानात टेबलावरच्या लढाईचा एक नवा खेळ दाखवायला मांडला होता. भोवती सगळी विशी-बाविशीची पोरं, आणि चाळिशी ओलांडलेले आम्ही दोघेच. पोरं आमच्याकडे कुणाचे तरी बाबा न्यायला आले असावेत अशा नजरेने बघत होती. त्या दिवशी आम्ही एकाच टेबलावर खेळलो आणि तेव्हापासूनची ओळख.

खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला राखग्रह म्हणतो. एक उजाड ग्रह, त्यावर उतरलेल्या दोन टोळ्या, प्रत्येकीत सहा शिपाई. शिपाई अंगठ्याएवढे, स्वतः रंगवलेले. टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, पाच फेऱ्यांत डाव संपतो. माझ्या क्लासमधली चार बाकं जोडून आम्ही तो ग्रह मांडायचो. थर्माकोलचे खडक, आणि झाडं म्हणून कापसाच्या पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या, त्यांना जांभळा रंग दिलेला. इमादभाईंचे शिपाई यंत्रमानव होते, त्यांच्या पाठीवर खऱ्या घड्याळांची चाकं बसवलेली होती. ती बघायला माझे विद्यार्थी रविवारीही बाकांभोवती गर्दी करायचे.

खेळात एक गंमत आहे. सुरुवातीला शिपाई मांडतच नाहीत. त्यांच्या जागी नऊ चकत्या ठेवायच्या. सहांच्या खाली शिपायाची खूण असते आणि तीन रिकाम्या, नुसती हूल. समोरच्याने रिकाम्या चकतीवर गोळी झाडली तर त्याची गोळी वाया जाते. खऱ्या चकतीवर झाडली तर तुमचा शिपाई उत्तर द्यायच्या आत पडतो. इमादभाईंनी दोघांसाठीही चकत्या जुन्या घड्याळांच्या तबकड्यांच्या बनवल्या होत्या. वर आकडे, खाली खूण.

आमचा एक रिवाज होता, तोही त्यांनीच घातलेला. डाव संपला की दोघांनी एकमेकांचं एक उणं सांगायचं. हरलेला आधी सांगणार, जिंकलेला नंतर, आणि ज्याचं उणं त्याने ते वहीत लिहून घ्यायचं. काही दिसलं नाही, असं म्हणायला मनाई होती. पहिल्याच दिवशी मी सभ्यपणा म्हणून तसं म्हणालो, तर ते म्हणाले, "असं नाई चालत, सर. ज्याले दुसऱ्याचं उणं दिसत नाई, त्यानं खेळ पायलाच नाई." मला ते फार आवडलं होतं. मी ते वाक्य वर्गात माझं म्हणून दोनदा वापरलंही.

जानेवारीत अकोल्यात स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला बंगलोरच्या मोठ्या स्पर्धेसाठी विदर्भाच्या संघात जागा मिळणार होती. एकच जागा. म्हणून नोव्हेंबरपासून आम्ही दर रविवारी सरावाचा एक डाव खेळायला लागलो. पहिले तीन मी हरलो. हरणं मला जमत नाही, हे मी मोकळेपणी सांगतो. तिसऱ्या डावानंतर घरी जाऊन मी भाजीत मीठ नाही म्हणून बायकोशी, सीमाशी भांडलो. भाजीत मीठ होतं.

चौथ्या डावात ते मला दिसलं.

इमादभाई चकत्या मांडत होते. रिकामी चकती ते पत्ता टाकावा तशी टाकायचे, बाराचा आकडा कुठेही जाऊ दे. पण जिच्याखाली शिपाई आहे, ती चकती दोन बोटांच्या चिमटीत धरून ठेवायचे आणि बोट उचलण्याआधी किंचित फिरवायचे. बारा बरोबर वर. पंचवीस वर्षं तबकड्या बसवून हाताला लागलेली सवय होती ती. त्यांना स्वतःला तिचा पत्ता नव्हता. सहा चकत्यांवर बारा सरळ होते, तीनवर वाकडे. मी मुकाट्याने मोजलं, आणि मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते.

तो डाव मी जिंकलो. उणं सांगायची माझी पाळी आली. जिभेवर आलेलं मी गिळलं आणि म्हणालो, "तुम्ही पुलाजवळ उशिरा आलात." त्यांनी लिहून घेतलं. स्पर्धा झाली की सांगू, असं मी स्वतःला समजावलं. लबाडाला वेळेवर कारणं बरी सुचतात.

पुढचे सात रविवार मी आणखी खालच्या थराला गेलो. सतत जिंकलो तर संशय येईल, म्हणून मी मधूनमधून मुद्दाम रिकाम्या चकत्यांवर गोळ्या झाडायचो. आणि इमादभाई काळजीने सांगायचे, "सर, तुमी रिकाम्या चकत्यांवर लय गोळ्या वाया घालून राहिले. मांडतानाच समोरच्याच्या तोंडाकडं पाहात जा. माणूस खोटी चकती ठेवताना तुमच्याकडं पायते, खरी ठेवताना तिच्याकडं पायते." एका रविवारी तर त्यांनी माझ्याकडून हे दहा वेळा करून घेतलं. दहावीतल्या पोराला शिकवावं तसं, न कंटाळता. मी माना डोलावल्या, वहीत लिहिलं, आणि संध्याकाळी त्यांना रिक्षात बसवून दिलं.

स्पर्धा एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये झाली. शेवटच्या डावात समोरासमोर आम्हीच दोघे आलो. इमादभाईंची मुलगी शाइस्ता पहिल्यांदाच वडिलांचा खेळ बघायला आली होती. बारावीची परीक्षा तोंडावर असताना पुस्तक बाजूला ठेवून आली होती. घरात या खेळाला सगळे बाहुल्यांचा खेळ म्हणायचे. तिला अब्बूंना जिंकताना पाहायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या फेरीअखेर त्यांचे चार शिपाई मी पाडले होते. चार गोळ्या, चारही सरळ बारावर. पाचवी मी एका रिकाम्या चकतीवर झाडली, शोभेपुरती. इमादभाई गोंधळले, मग हसले. "आज सरांच्या अंगात काय आलं बावा," ते शाइस्ताला म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. शिकवलेलं पोर पहिलं आलं की माझ्या आवाजात येतं, तसलं.

बक्षीस झालं, फोटो झाले. खुर्च्या उचलत असताना ते मला कोपऱ्यात घेऊन गेले. रिवाज चुकवायचा नव्हता. हरलेला आधी. "छतावरचा नेमबाज तुमी शेवटी उघडा सोडला," ते म्हणाले. "आज खपलं. बंगलोरले नाई खपणार." मग वही उघडून म्हणाले, "आता माहं सांगा. आज कायी तरी लय मोठं चुकलं माहं."

सांगायचं होतं ते तेव्हाच. पण हातात पितळी चषक होता आणि शेजारी शाइस्ता उभी होती. मी म्हणालो, "तुम्ही डॉक्टर फार मागे ठेवता. तो पुढे आणा." डॉक्टर म्हणजे जखमी शिपायाला पुन्हा उभा करणारा. त्याला मागे, आडोशाला ठेवणं ही त्यांच्या खेळातली सगळ्यात पक्की गोष्ट होती. त्यांनी ते लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मग जे झालं ते मला सहन होईना. बंगलोरसाठी माझी तयारी व्हावी म्हणून ते स्पर्धेनंतरही दर रविवारी येत राहिले. आणि दर रविवारी डॉक्टर पुढे आणत राहिले. डॉक्टर पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत मरायचा आणि मग एकेक करून सगळे. आता चकत्यांकडे न बघताही मी जिंकत होतो. तिसऱ्या रविवारी त्यांनी शिपाई डब्यात भरले, वही मिटली आणि खाली बघत बोलले, "तुमी सांगता थे बरोबरच असन, सर. मलेच जमून नाई राहिलं. डोस्कं चालत नाई आता. तुमी बंगलोरहून आले की मी हे बंद करतो म्हणतो. शिपाई तुमच्या पोराइले देऊन टाका."

त्या रात्री मी जेवलो नाही. सीमाने विचारलं तर तिच्यावरही खेकसलो. चूक माझी असली की मी असाच वागतो.

शुक्रवारी त्यांचं दुकान गिऱ्हाइकांसाठी बंद असतं. मी क्लासला सुटी दिली आणि अकोल्याला त्यांच्या दुकानी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दर वेळी तेच येत होते आणि मला ते कधी खटकलं नव्हतं. शटर अर्धं वर होतं. आत शाइस्ता स्टुलावर बसून गणितं सोडवत होती आणि इमादभाई काउंटरवर खडक मांडून बसले होते. डॉक्टर सगळ्यांच्या पुढे उभा होता.

"रोज दुपारी करतात हे," शाइस्ता मला म्हणाली. "डॉक्टर पुढं ठेवून कसं जिंकायचं थे पाहून राह्यले. काई केल्या जमतच नाई."

इमादभाईंनी तिला चहा सांगायला पाठवलं. ती गेल्याबरोबर मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाराचा आकडा, चौथा डाव, मुद्दाम वाया घालवलेल्या गोळ्या, स्पर्धा. आवाज चढा लागला होता, जणू त्यांनाच रागावत होतो.

त्यांनी डब्यातून एक चकती काढली आणि काउंटरवर ठेवली. बोट उचलताना ती किंचित फिरली. बारा वर. त्यांनी ती उचलली, पुन्हा ठेवली. पुन्हा तसंच. ते आपल्याच बोटांकडे बघत राहिले.

"चौथ्या डावापासून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन आपले सरावाचे डाव झाले चौदा." त्यांनी बोटांवर मोजलं. "अकरा वेळा आलो म्हणजे मी."

"हो."

"अन डॉक्टर?"

"डॉक्टर मागेच बरोबर होता, इमादभाई."

त्यांनी हात लांब करून डॉक्टरला उचललं आणि मागे, खडकाच्या आडोशाला ठेवलं. मी म्हणालो, मी आत्ताच्या आत्ता फोन करतो, बंगलोरची जागा तुमची आहे, तुम्हीच जा. त्यांनी मान हलवली. "नको, सर. नाव तुमचं गेलं. अन अशी दिलेली जागा मले कायले पायजे?" रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं मला.

"आलेच आहात तं एक डाव खेळू," ते म्हणाले.

माझ्या शिपायांचा डबा पिशवीतच होता. चहा आला. शाइस्ता पायरीवर बसून बघू लागली. इमादभाईंनी नऊही चकत्या चिमटीत धरून, एकेक फिरवून ठेवल्या. नऊही बारा वर. आता मला काहीच कळणार नव्हतं, आणि माझं लक्षही नव्हतं. मी माझा कप्तान एकटाच उघड्या मैदानात पाठवला. एका शिपायाला तर दोन फेऱ्या हलवायचंच विसरलो, तो कोपऱ्यात तसाच उभा. इमादभाईंची नजर त्या कोपऱ्यात गेली, थांबली आणि परत आली, हे मी स्पष्ट पाहिलं. चौथ्या फेरीत मी संपलो. शाइस्ता मांडीवरची वही बंद करून हसली.

हरलेला आधी. मी नीट आठवून, जेवढं खरं दिसलं होतं तेवढं सांगितलं, "तिसऱ्या फेरीत डावीकडचा यंत्रमानव एक वीत जास्त पुढे आला. माझा नेमबाज जागेवर असता तर तो गेला असता." त्यांनी वही काढून ते लिहून घेतलं.

मी माझी वही उघडली, तारीख घातली. "आता माझं सांगा."

इमादभाई चकत्या मऊ फडक्याने पुसून एकेक डब्यात ठेवत होते. नऊही ठेवून झाल्या. त्यांनी झाकण लावलं.

"तुमचं काई नाई दिसलं, सर," ते म्हणाले. "चांगले खेळले तुमी."

माझा कप्तान अजून मैदानात आडवा पडला होता. तो त्यांनी उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या हातावर ठेवला. मग शटर वर करून, माझी परतीची गाडी किती वाजता आहे ते सांगितलं.