पाळकांच्या मळ्यातला करपा

पाळक इलिसाया यांनी बायबलच्या पानांत ठेवून आणलेलं अळवाचं पान बाहेर काढलं आणि सगळ्या चर्चला दिसेल असं देठाला धरून उंच केलं. पानावर तपकिरी चट्टे होते. मधला चट्टा गळून तिथे भोक पडलं होतं आणि भोकातून पाळकांच्या पांढऱ्या कोटाचं बटण दिसत होतं.

"हे पान कुणाच्या शेतातलं आहे ते मी सांगणार नाही," पाळक म्हणाले.

सांगायची गरजच नव्हती. बायकांच्या बाकांवरच्या सगळ्या विणलेल्या टोप्या लेउतूकडे वळल्या. गावात करपा आला होता तो एकट्या तिच्याच शेतात.

"सृष्टी हे देवाचं दुसरं पुस्तक आहे," पाळक पुढे म्हणाले. "ज्याला विश्वासात वाढायचंय त्यानं ते वाचायला शिकावं. मुळाशी पाप शिरलं की पानाला कळतं. घरातली माणसं लपवतील, पण पान लपवत नाही."

लेउतूच्या शेजारी तिची थोरली, लांगी, बसली होती. वय एकोणीस, पोटात पाचवा महिना आणि लग्न झालेलं नाही. ज्याचं ते मूल, तो पलीकडच्या गावचा विलियामू दूर पागो बंदरातल्या मासळीच्या कारखान्यात नोकरीला निघून गेला होता आणि तिकडून त्याचा निरोप नाही की सांगावा नाही. लांगीनं खाली घातलेली मान प्रवचन संपेपर्यंत वर केली नाही. लेउतूच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला! वीस वर्षं ती त्याच चर्चमध्ये पोरांना रविवारची शाळा शिकवत होती आणि देवाचं पुस्तक आपल्यालाही थोडंफार वाचता येतं अशी तिची समजूत होती.

तिचं शेत ओढ्याकाठच्या खोलगट जागी. तिथे दुपारपर्यंत दव हलत नाही आणि त्यात यंदा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. असल्या ओल्या जागी करपा आधी येईल, नाहीतर काय खडकावर येईल? पण हे पुरुषांच्या बाजूला बसलेल्या कुणी म्हटलं नाही. तिचा नवरा सोलोफा चर्चचा डीकन, म्हणजे पाळकांचा मदतनीस, होता आणि पहिल्याच बाकावर होता. तो मूग गिळून बसला होता.

घरी आल्यावर तिनं आधी त्यालाच धरलं.

"तुझ्या पोरीला भर चर्चात कुजलेलं पान म्हणाले. तुला काही वाटलं का?"

"त्यांनी नाव कुठं घेतलं?"

"नाव घेतलं नाही! अरे, बोट दाखवून मग डोळे मिटले तर बोट खाली जातं का?"

"लेउतू, ती देवाची माणसं आहेत. आपण उलट बोललं तर आणखी वाईट होईल."

"आणखी वाईट म्हणजे काय होईल ते तरी सांग."

सोलोफा चटई झटकायला बाहेर गेला. ते तिला संध्याकाळीच कळलं. सूर्य बुडताना शंख वाजला, गाव नेहमीसारखं प्रार्थनेसाठी घरोघरी चटयांवर बसलं. त्यांच्या घरी संध्याकाळची प्रार्थना लांगी करायची, अगदी बोलायला शिकली तेव्हापासून. त्या दिवशी ती खांबाला टेकून बसली आणि नुसती मान हलवत राहिली.

"कर गं," लेउतू म्हणाली.

"नको, आई. मी केली तर सगळ्यांचंच अळू जाईल."

"कोण म्हणतं?"

"देवानं पानावर लिहिलंय ना."

मग लेउतूनंच घाईघाईत प्रार्थना उरकली. गावानं तोंडं फिरवली असती तर तिनं ती सोसली असती. बाई होती खमकी, चार तोंडांना आठ उत्तरं देणारी. पण आपली पोर देवाशी बोलायची थांबली आणि तीही एका पावसाळी रोगामुळे, हे तिला सोसवेना. पुढे कित्येक संध्याकाळी तेच झालं. पोरगी जेवायला बसायची, ताटाकडे बघायची आणि उठायची.

शेवटी लेउतू पाळकांच्या घरी गेली. वाकून, मान खाली घालून, रीतीनं बसली. पाळकांना गावात सगळे आदरानं 'सुसुगा' म्हणत. तिनंही म्हटलं. राग आला म्हणून रीत सोडावी असं तिला वाटत नव्हतं.

"सुसुगा, एक विचारायचं होतं. पाप दोघांनी केलं. मग त्या विलियामूच्या बापाचं शेत हिरवंगार कसं? परवाच बघून आले. पानं छत्रीएवढी झालीत."

पाळकांनी चहाचा कप खाली ठेवला. "देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत, लेउतू."

"माझ्या शेतातले तेवढे कळतात?"

आत पाळकबाईंच्या हातातली बशी वाजली. पाळकांचा चेहरा पडला नाही, उलट मऊ झाला आणि तो मऊपणा लेउतूला जास्त झोंबला.

"तू दुःखात आहेस, म्हणून मी हे ऐकून घेतो. दुसरं सांगायचं होतं. पांढऱ्या रविवारी तुझ्या वर्गातली मुलं ते अळवाचं म्हणणार आहेत, ते नको."

पांढरा रविवार म्हणजे पोरांचा दिवस. पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठ म्हणतात, मोठ्यांनी गप्प बसून ऐकायचं, आणि घरी पोरांना आधी वाढून मग मोठ्यांनी जेवायचं. लेउतूनं त्या दिवसासाठी स्वतः चार ओळी रचल्या होत्या. कंद कापून घेतला तरी वरचा ठोंब मातीत खोचला की अळू पुन्हा उठतं, तसा प्रभू उठला आणि तसेच आपणही उठू. पोरांनी मोठ्या उत्साहानं पाठ केलं होतं. खोचायचा अभिनयसुद्धा बसवला होता.

"का नको?"

"करप्याच्या दिवसांत अळू हा काही चांगला दाखला नाही. न फळणाऱ्या अंजिराच्या झाडाचं घे."

"पोरांनी अंजीर बघितलंय कुठं? मी तरी कुठं बघितलंय?"

"विश्वासाला बघावं लागत नाही," पाळक म्हणाले आणि हसले. "आणि लांगीला त्या दिवशी घरी राहू दे. लहान मुलांसमोर बरं दिसत नाही."

लेउतू उठली, वाकली, पाठ न दाखवता मागे सरकत बाहेर आली. सगळी रीत पाळली. घरापर्यंत येईतो तिनं वाटेवरच्या दोन कोंबड्यांना आणि एका डुकराला मनसोक्त शिव्या घातल्या.

पाठोपाठ गावसभा बसली. लांगीमुळे गावाचं नाव खराब झालं म्हणून सोलोफाच्या घराला दंड ठरला. एक डुक्कर द्यायचं आणि पाळकांचा नवा मळा लावायला अळवाचे ठोंब पुरवायचे. मळा चर्चमागेच होता, गावाच्या मधोमध, आणि त्याला लागून सगळ्यांची शेतं. पाळकांचा मळा गावानंच लावायचा ही जुनी रीत, त्यात वावगं काही नव्हतं. वावगं होतं ते ठोंब कुठून आणायचे यात.

सभेच्या वतीनं बोलणारा कारभारी तोंगिया दंड वसूल करायला चार तरणी माणसं घेऊन आला, तेव्हा लेउतू शेताच्या तोंडाशी आडवी उभी राहिली.

"डुक्कर न्या. दोन न्या. पण इथले ठोंब नेऊ नका. रोगट आहेत. माझ्या भावाच्या गावाहून चांगले आणून देते."

"वा, लेउतूबाई! दंड द्यायची वेळ आली की अळू रोगट?"

"तोंगियादादा, डोळे फुटलेत का? पानं बघ ना."

"पानं कुठं नेतोय? पानं छाटणार, देठ नेणार."

"रोग देठालाही बसतो. त्या मळ्यात गेला की गावभर होईल."

"असं होय?" तोंगिया मागे वळून पोरांकडे बघत म्हणाला. "मग पाळक म्हणाले ते खोटं? हा रोग पापाचा आहे, बाई. पाळकांच्या जमिनीत पाप नाही. तिथं हेच ठोंब कसे तरारतात ते बघ."

पोरं खिदळली. लेउतूनं सोलोफाकडे बघितलं. तो डुकराच्या पायाला दोरी बांधत होता आणि ती गाठ जन्मात संपेल असं दिसत नव्हतं.

ठोंब गेले. पहारीनं भोकं पाडून, वर प्रार्थना म्हणून, सगळ्या गावानं ते पाळकांच्या मळ्यात खोचले. वर पाऊस पडत होताच.

पुढे काय झालं असेल हे शेतकऱ्याच्या पोरालाही सांगावं लागू नये. नव्या पालवीवर आधी थेंबाएवढे डाग आले, मग रुपयाएवढे, मग पानं चिंध्यांसारखी लोंबायला लागली. मळ्यातून करपा शेजारच्या तोंगियाच्या शेतात गेला, तिथून त्याच्या शेजारी. पांढरा रविवार येईतो गावात भाजीला धड पान मिळेना. लेउतूला वाटलं होतं की आपल्याला आनंद होईल. तो काही झाला नाही. पोरांच्या तोंडचं अन्न गेलं त्याचा आनंद कुणाला होईल? तिला एवढंच ऐकायचं होतं की आता पाळक पुस्तक कसं वाचतात.

पांढऱ्या रविवारी पोरांनी अंजिराचं म्हटलं. म्हटलं म्हणजे कसंबसं ढकललं. एका चिमुरडीनं मध्येच "अंजीर म्हणजे काय गं?" असं शेजारणीला विचारलं आणि मागची बाकं हसली. मग त्या दिवशी बोलायची मुभा असलेला एकमेव मोठा माणूस उभा राहिला.

"प्रियजनहो," पाळक म्हणाले, "माझा मळा गेला. तुमचीही शेतं गेली. खचू नका. ईयोब आठवा. तो नीतिमान होता, म्हणूनच देवानं त्याची परीक्षा पाहिली; गुरं गेली, अंगभर गळवं उठली. ही आपली परीक्षा आहे. सोनं आगीतच घालतात."

चर्चनं सुटकेचा निःश्वास टाकला. बायका डोळे पुसायला लागल्या. तोंगिया सगळ्यात मोठ्यानं "आमेन" म्हणाला.

लेउतू उभी राहिली.

त्या दिवशी मोठ्यांनी बोलायचं नसतं हे तिला माहीत होतं. वीस वर्षं तीच पोरांच्या आयांना दटावत आली होती.

"सुसुगा, तोच करपा ना? माझ्याच ठोंबांतून आलेला?"

"लेउतू, खाली बस. आज मुलांचा दिवस आहे."

"मुलांसाठीच विचारते. माझ्या शेतात होता तेव्हा पाप. तुमच्या मळ्यात आला की परीक्षा. असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे देव म्हणतो की तुम्ही? पानावरून पाऊस ओळखावा, सुसुगा, जमीन ओळखावी. पोरीची लाज ओळखू नये. चला माझ्या घरी. ती घरात बसलीय. तिच्या तोंडावर एकदा सांगा की अळू तुझ्यामुळे गेलं नाही. मला दुसरं काही नको, माझं डुक्करही परत नको."

पंखे तेवढे फिरत होते. पाळकांनी पुस्तकाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. एक क्षण वाटलं, माणूस खाली उतरेल. चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. पण बाकावर सगळं गाव बसलं होतं आणि गावासमोर चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

"आपण प्रार्थना करू या," ते म्हणाले.

सगळ्यांनी डोळे मिटले. लेउतूनं मिटले नाहीत. ती बाकांमधून चालत बाहेर पडली आणि पायऱ्या उतरताना तिच्या लक्षात आलं की मागून कुणीतरी येतंय. सोलोफा होता. डीकनचा कोट काढून त्यानं हातावर टाकला होता.

"प्रार्थना चालू असताना उठलास?" ती म्हणाली.

"तू उठलीस ना."

"मी डीकन नाही."

"मीही नसेन आता," तो म्हणाला.

घरी लांगी चटईवर बसून होती. लेउतूनं तापल्या दगडांत भाजलेला नीरफणस, नारळाच्या दुधातला मासा, सगळं आधी तिच्यापुढे मांडलं. तो पोरांचा दिवस होता आणि कोण काय म्हणतं याची लेउतूला पर्वा नव्हती.

लांगीनं ताटाला हात लावला नाही. "बाबा, पाळकांचाही मळा गेला. काय म्हणाले ते?"

सोलोफानं लेउतूकडे बघितलं. खोटं सांगता आलं असतं. "म्हणाले, ही परीक्षा आहे," तो म्हणाला. "ईयोबाची झाली तशी."

"मग यात ईयोब कोण?"

"ते स्वतः."

"आणि मी?"

सोलोफा कोटाची घडी घालू लागला. लांगी विचार करत राहिली. ती लेउतूच्याच वर्गात शिकलेली, ईयोबाची गोष्ट तिला पाठ होती.

"म्हणजे ते ईयोब," ती सावकाश म्हणाली, "आणि मी त्यांच्या अंगावरचं गळू?"

सोलोफाला ठसका लागला. मग तो हसायलाच लागला, कधी नव्हे तो, पोट धरून, आणि त्याचं बघून लांगीही. लेउतूला हसू येईना. ती अजून धुमसत होती.

"हसा, हसा. गाव तिकडे आमेन म्हणतंय आणि तुम्ही हसा."

लांगीनं डोळे पुसले. ताट जवळ ओढलं आणि मग, इतक्या दिवसांनी, कुणी न सांगता हात जोडले.

"देवा," ती म्हणाली, "मला वाटलं होतं ते तू लिहिलंस. तुझ्याही नावावर लोक काहीबाही खपवतात, हे मला माहीत नव्हतं. आमेन. आई, मासा वाढ."