सात पाटे

मंगळवार, ६ नोव्हेंबर १९९०. सकाळी सव्वासात वाजता पिंपळनेरच्या जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात यादव शिरसाठ जीपच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि त्याने गाडीचं वजन झेलणाऱ्या कमानीचे पोलादी पाटे मोजले. सात भरले. त्याने पाच सांगितले होते.

त्याने बोट लावून पुन्हा मोजले. मग पलीकडच्या चाकाशी जाऊन मोजले. तिथेही सातच.

यादव या दवाखान्याचा डॉक्टर, राहायलाही आवारातच. दवाखान्याला सरकारी गाडी नव्हती, शिपायाची जागाही वर्षभर रिकामी होती. पश्चिमेकडच्या पाड्यांवर जायचं तर एसटी जिथे संपते तिथून सायकल, आणि सायकल जिथे संपते तिथून लसीची बर्फाची पेटी खांद्यावर. पाच वर्षं असं केल्यावर त्याने लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली. तोवर त्याच्या नावावर सायकलखेरीज वाहन नव्हतं. जीपचं इंजिन ठीक होतं. टायर गेलेले, चाकांच्या डिस्कांना गंज, आणि पाटे तर आडवे पडलेले. म्हणून दिवाळी झाल्यावर तो ती धुळ्याला लोटन मिस्त्रीच्या गॅरेजात घेऊन गेला. बरोबर बायकोचा भाऊ अभिमन होता. अभिमनने बारा वर्षं ट्रक चालवला होता. आता जीप तोच चालवणार होता.

त्या दिवशी पारोळा रोडवरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन तास गेले. यादवला एकेक गोष्ट समजून घेतल्याशिवाय हो म्हणता येत नसे.

"पहिलं टायर ठरवा," लोटन त्याच्या अहिराणीत म्हणाला. "टायर ठरनं म्हणजे बाकीनं बठ्ठं ठरस."

भिंतीला दोन तऱ्हेचे टायर टेकवलेले होते. एक रस्त्याचे, बारीक नक्षीचे, जरा रुंद. दुसरे लष्करी गुटक्याचे, अरुंद, तळहाताएवढ्या जाड रबरी गुटक्यांचे. यादवला रुंद टायर भक्कम वाटत होते.

"रुंद टायर काळी मातीवर भाकर थापस," लोटन म्हणाला. "माती चिकटनी का चाक गोल गोल फिरस, गाडी जागवरच. अरुंद टायर चिखल कापीसन खाली जास, कठीण जमीन धरस."

"आणि डांबरी रस्त्यावर?"

"डांबरीवर भुणभुण करस. कानमा बोळा घाला."

गुटक्याचे टायर ठरले. डिस्क दोन तुकड्यांच्या ठरल्या. रानात पंक्चर झालं तर नुसत्या पान्याने बोल्ट काढून उघडता येतात. हवा काढायची राहिली तर तोंड फोडतात, हे लोटनने दोनदा बजावलं. इथवर अभिमन मान डोलवत होता. पाट्यांची गोष्ट निघाली तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"मिस्त्री, मागे सात टाका."

"कसाले?" लोटन म्हणाला. "एक डाक्टर, एक ड्रायव्हर, एक पेटी. पाच भरपूर शेतस."

"वेळप्रसंगी एखादा बैल न्यावा लागला तर?"

"बैल जीपमध्ये बसतो का?" यादवने विचारलं.

"तुम्ही सांगितलं तर बसेल, दाजी. जनावरं तुमचंच ऐकतात. माणसं काही ऐकत नाहीत."

लोटन हसला. यादव हसला नाही. पाच आणि सात यांतला फरक त्याने विचारून घेतला. सात पाट्यांवर आणखी चार क्विंटल वजन जातं. पण गाडी रिकामी असली की मागून उंच उभी राहते आणि खड्ड्यागणिक उडते. लसीच्या बाटल्या काचेच्या. त्याने पाच सांगितले, लोटनने ते पेन्सिलने भिंतीवर लिहून घेतलं. पाच नोव्हेंबरला, सोमवारी, अभिमन एकटा धुळ्याला जाऊन तयार जीप घेऊन आला.

आणि आता सात.

अभिमन नळावर दात घासत होता. यादव त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"पाटे सात आहेत."

अभिमनने चूळ भरली. "असतील. मिस्त्रीने गाडी दिली, मी घेऊन आलो."

"तू पाहिलं नाहीस?"

"बारा वर्षं गाडी चालवली, दाजी. सकाळी उठून पाटे मोजणारा मालक भेटला नव्हता. आज तोही भेटला."

नऊ वाजता यादवने दवाखान्यातल्या फोनवरून धुळ्याला ट्रंक कॉल लावला. लोटन गांगरला नाही.

"तुमनाच फोन उना व्हता, डाक्टर. मागला बुधवारले. 'डॉक्टर शिरसाठ बोलतोय, पाच नको, सात टाका.' मी भिंतीवरनं पाच पुसं, सात लिखं."

"आवाज माझा होता?"

"ट्रंक कॉलमा बठ्ठास्ना आवाज सारखाच," लोटन म्हणाला. "बाई नव्हती, इतलं सांगस."

मागच्या बुधवारी यादव दिवसभर पाड्यावर लाळ-खुरकताच्या लसी टोचत होता. त्याने फोन केला नव्हता.

त्या चार क्विंटलांत काय जाणार, हा प्रश्न पिंपळनेरमध्ये कोणाला विचारावा लागत नसे. पश्चिमेच्या डोंगरात सागवान होतं आणि खाली येणाऱ्या रस्त्यावर वनखात्याचा नाका होता. दोन वर्षांपूर्वी एका ट्रकमध्ये सागाच्या चौकटी सापडल्या होत्या. ट्रक अभिमन चालवत होता. मालकावर खटला झाला. अभिमनला तीन दिवसांनी सोडून दिलं, कागदावर त्याचं नाव कुठेच आलं नाही. पण नंतर त्याला कोणी ट्रक दिला नाही आणि जूनमध्ये तो बहिणीकडे राहायला आला.

"कोर्टात त्याचं नाव नाही," दुपारी यादवची बायको कुंदाबाई म्हणाली. ती ताटात भाकरी वाढत होती. "तुमच्या मनात आहे."

"जीप माझ्या नावावर आहे. तिच्यात लाकूड सापडलं तर ड्रायव्हरला तीन दिवस. मला कायमचं घरी."

"सापडलंय का?"

"नाही."

"मग जेवा."

यादव आपल्या वस्तीतला पहिला डॉक्टर. तो निलंबित झाला तर जिल्ह्याच्या ऑफिसात कोण काय बोलेल, ते त्याला शब्दानिशी ठाऊक होतं. जीप धुळ्याला पाठवून दोन पाटे उतरवून आणणं सोपं होतं. पण मग सात कोणी घालायला लावले ते कळलं नसतं. किल्ली काढून घेणंही सोपं होतं. पण मग कुंदाबाईला सांगावं लागलं असतं की तुझा भाऊ या घरात चोर म्हणून राहतोय, आणि हातात पुरावा काय, तर दोन जास्तीचे पाटे.

जनावर आपलं वजन सांगत नाही. डॉक्टर त्याच्या छातीचा घेर मोजतो आणि त्यावरून औषध ठरवतो. यादवने तीच फीत काढली. जमिनीपासून जीपच्या मागच्या फळीच्या खालच्या कडेपर्यंत अंतर भरलं पंचाहत्तर सेंटिमीटर. लसीकरणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याने तारीख घालून ते लिहिलं. वजन वाहिलं की नवा पाटा बसतो, मग रिकामी गाडीही थोडी खाली उतरते. पेटी आणि दोन माणसांनी ती फारशी उतरू नये. किलोमीटर मोजणारा काटा बंदच होता. त्याची केबल अभिमन धुळ्याहून आणणार होता, आणली ती दुसऱ्याच गाडीची निघाली.

आठवडाभरात फळी फक्त अर्धा सेंटिमीटर उतरली. पेटीतल्या दोन बाटल्या फुटल्या, त्या सात पाट्यांमुळे. मंगळवारी, तेरा तारखेला, यादव महिन्याच्या बैठकीसाठी एसटीने धुळ्याला गेला. या बैठकीच्या दिवशी दवाखाना बंद असे. जीपची आणि दवाखान्याची, दोन्ही किल्ल्या नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारामागच्या हुकावर होत्या.

साडेपाचला परतल्यावर त्याने फीत लावली. साडेबहात्तर.

चारही टायर धुतलेले होते. वरवर नव्हे. गुटक्यांच्या मधल्या खाचा काडीने कोरून काढल्यासारख्या, पोळ्याच्या बैलाचे खूर चमकावेत तशा.

"गाडी कुठे नेली होती?"

"कुठेच नाही. शेणाने भरली होती, धुतली." अभिमन ओट्यावर बसून बिडी ओढत होता. "गाडी धुणं गुन्हा झाला का, दाजी? तसं असेल तर आंघोळीचंही विचारून घेतो."

कुंदाबाई म्हणाली, ती सकाळी नदीवर धुणं घेऊन गेली होती. आली तेव्हा जीप आवारातच होती.

पुढच्या आठवड्यात बुधवारी, एकवीस तारखेला, वनखात्याचा नाकेदार झुलाल बकरी घेऊन आला. बकरीला जुलाब होत होते. यादव औषध काढत असताना झुलाल दारातून जीपकडे पाहत होता.

"डॉक्टर, तुमची गाडी शेपूट वर करून उभी राहते. आम्ही अशा गाड्या थांबवतो."

"मग थांबवत जा."

"तुमची कशी थांबवू? पुढे जनावरांचा दवाखाना लिहिलंय. त्यात मागच्या मंगळवारी तुम्ही आतून हात केलात. मीही केला."

यादवच्या हातातली बाटली हातातच राहिली. "मी?"

"पांढरा कोट दिसला. काचेवर धूळ होती."

"गाडी कोण चालवत होतं?"

"ते नाही पाहिलं. वर चालला होतात." झुलालने बकरीचा कान धरला. "का हो?"

"काही नाही. बकरी पातळ हगते कधीपासून?"

"तीन दिवस. का चार. सोमवारी का रविवारी, ध्यानात नाही."

बकरीचा वार ज्याला आठवत नाही त्याचा मंगळवार किती धरायचा, असं यादवने स्वतःला समजावलं. त्याचा एक पांढरा कोट नेहमी जीपमध्येच, मागच्या खुंटीला असे. झुलालला तो खरं सांगू शकला असता: त्या दिवशी मी धुळ्यात होतो. पण ते वाक्य नाक्यावर पोहोचलं असतं, नाक्यावरून वर गेलं असतं, आणि चौकशीच्या पहिल्या ओळीत जीप कोणाच्या नावावर आहे तेच लिहिलं गेलं असतं. त्याने पुड्या बांधून दिल्या आणि बकरीला पाणी उकळून द्यायला सांगितलं.

आठ डिसेंबरला, शनिवारी, तो अभिमनला घेऊन धुळ्याला गेला आणि समोर उभं राहून दोन पाटे उतरवून घेतले. पोहोचताच अभिमन गॅरेजशेजारी चहा प्यायला गेला तो काम संपेपर्यंत आला नाही.

लोटनने उतरवलेला पाटा उन्हात धरला. टोकाशी लोखंड घासून चकाकत होतं.

"वजन वाहिलंय का यांनी?" यादवने विचारलं.

"घासेल शे."

"वजनाने?"

"वजनघाई घासस. खड्डामा आदळनं तरी घासस."

"एका दिवसात दोन सेंटिमीटर बसतो का पाटा?"

लोटनने पाटा भिंतीला टेकवला, शेजारी दुसरा ठेवला. "नवा पाटा शे, डाक्टर. त्याना काय भरवसा? तुम्ही लग्न करेल शेतस, तुमले म्या काय सांगू."

परत आल्यावर यादवने मोजलं. एकोणसत्तर.

मंगळवारी, अकरा तारखेला, पुन्हा बैठक होती. दोन्ही किल्ल्या त्याने मुद्दाम हुकावरच राहू दिल्या. निघण्याआधी त्याने मागच्या टायरवर, जमिनीला टेकलेल्या गुटक्याच्या कडेला, खडूची रेघ ओढली. संध्याकाळी आला तेव्हा रेघ जागेवर होती. खाचांमधला चिखल सकाळचाच होता. फीत लावली, एकोणसत्तर. त्या दिवशी तो पोटभर जेवला. अभिमनला त्याने स्वतःहून तंबाखूची डबी पुढे केली.

"आज मोजलं नाही का, दाजी?"

"मोजलं."

"किती भरलो मी?"

कुंदाबाई हसली. यादवही हसला, महिन्याभरात पहिल्यांदा.

बुधवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी दवाखान्यातला फोन वाजला. लोटन होता.

"डाक्टर, ते दोन पाटा देऊ का नको देऊ? काल तुम्ही फोन करा ना, 'माझा माणूस पाठवतो, त्याच्याजवळ पाटे द्या' म्हणीसन. पण माणूस काही उना नही."

"काल किती वाजता?"

"दहा-सवादहा."

काल दहा वाजता यादव धुळ्यातच बैठकीत बसला होता, लोटनच्या गॅरेजपासून चालत दहा मिनिटांवर. लोटनला त्याने एवढंच सांगितलं, की पाटे कोणालाही देऊ नका.

मग त्याने टेलिफोन एक्स्चेंजला फोन लावला. तिथली यशोदाबाई त्याला ओळखत होती, तिची वेताला अडलेली म्हैस त्याने मोकळी केली होती. काल धुळ्याच्या गॅरेजचा कॉल पिंपळनेरमधून कोणत्या नंबरवरून गेला, असं त्याने विचारलं. तिने चिठ्ठ्या चाळल्या.

"तुमच्याच की, डॉक्टर. दवाखान्याच्या. दहा वाजून बारा मिनिटं. तीन मिनिटं बोललात."

दवाखान्याच्या कुलपाला एकच किल्ली होती.

दुपारी यादवने कुंदाबाईला विचारलं, काल सकाळी अभिमन कुठे होता. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, साडेनऊपासून अकरापर्यंत तो इथेच, माझ्यासमोर बसला होता. आधी चहा, मग जेवण. जागचा उठला नाही. आणि घरात दुसरा कोणी पुरुष आला नव्हता.

"किल्ली?"

"हुकावर होती."

"तू पाहिलीस?"

तिने तव्यावर भाकरी टाकली आणि त्याच्याकडे पाहिलं. "मी तर मोजूनही पाहिली. दोन होत्या."

शनिवारी, पंधरा डिसेंबरला, दुपारी चार वाजता यादवने लोटनला पुन्हा फोन केला. पाटे भिंतीलाच टेकून होते, न्यायला कोणी आलं नव्हतं. जीप आवारात उभी होती, मागची फळी जमिनीपासून एकोणसत्तर सेंटिमीटर. दोन्ही किल्ल्या हुकावरच होत्या. एक्स्चेंजची चिठ्ठी आणि कुंदाबाईचं बोलणं, दोन्ही खरं असू शकत नव्हतं. पुढची बैठक आठ जानेवारीला, मंगळवारी.