न ओळखलेली परात

लाल्ला तामूने रविवारीच सांगून टाकलं होतं.

"हे बघ महजूब, मी भांडायला आलेले नाही. पण पोरगी शाळेत बाकावर झोपते. दोन महिने ती नुसत्या चहा-पावावर आहे. मंगळवारपर्यंत मी थांबते. घरात केलेलं एक जेवण वेळेवर तिच्या पुढ्यात आलेलं मला दिसू दे. विकतचं नको. नाहीतर बुधवारच्या बसने तिला अल जदीदाला नेते. तिथे मावश्या आहेत, भावंडं आहेत."

"आणि मी काय करू?"

"तू मोठा आहेस," सासू म्हणाली.

महजूबची बायको मेननाना जाऊन सत्तर दिवस झाले होते. तो मोरोक्कोतल्या साफीच्या कुंभारटेकडीवर आव्यावर काम करायचा. किती आच लागली की मडकं पक्कं होतं, हे तो नुसत्या धुराच्या रंगावरून सांगायचा. घरच्या चुलीचं मात्र त्याला काही कळत नव्हतं. अंडी उकडायची, सूप विकत आणायचं आणि रकियाला टीव्हीपुढे बसवायचं, एवढंच त्याला जमत होतं. आठ वर्षांची पोर दोन घास खायची आणि पुरे म्हणायची. आता तीही गेली तर संध्याकाळी घराचं दार उघडायचं तरी कशाला, हे त्याला कळत नव्हतं. रविवारपासून तो झोपला नव्हता.

मासा करायचं त्याने ठरवलं, कारण मेननाना म्हणायची, "माशाला काही करावं लागत नाही. वाटण लावायचं, परात फर्रानला द्यायची, तोवर घर झाडून होतं." कामाच्या दिवशी ती हेच करायची. फर्रान म्हणजे गल्लीतली भट्टी. सगळ्यांच्या घरचे पाव तिथेच भाजायचे, आणि संध्याकाळी लोकांच्या पराती.

मंगळवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर त्याने मुकादमाकडून सुट्टी मागून घेतली आणि बंदरावर गेला. दोन मेर्ला मासे घेतले, पांढऱ्या मऊ मांसाचे. कोळ्याने ते साफ करून दिले.

"आज बायकोने पाठवलं वाटतं?" कोळी नवीन होता.

"हो," महजूब म्हणाला.

घरी येऊन त्याने रकियाला टीव्ही लावून दिला आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. लाल्ला तामू बाहेरच्या खोलीत हातात माळ घेऊन बसली होती. मदतीला उठणार नाही, असं तिने आधीच सांगितलं होतं. त्याने कोथिंबीर देठांसकट चिरली, लसूण ठेचला. जिरं, लाल मिरचीची पूड, मीठ, लिंबू, तेल असं जे आठवलं ते कालवलं. मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. खाली बटाट्याचे काप पसरले, वर मासे ठेवले आणि वाटण दोन्ही हातांनी त्यांच्यावर लिंपलं. लिंपायचं त्याच्या हाताला माहीत होतं.

फर्रानमध्ये कद्दूरकाका डोकं खाली घालून निखारे सारत होता. कडेच्या फळीवर पराती रांगेने ठेवलेल्या होत्या. कोणी नाव सांगत नसे, चिठ्ठी लावत नसे. परात ठेवायची आणि निघायचं, कद्दूरकाकाला परात बघूनच घर कळायचं. महजूब कधी स्वतः आला नव्हता, मेननाना नाहीतर रकिया यायची. पण रीत त्याला माहीत होती. त्याने परात फळीवर ठेवली आणि घरी जाऊन बैठकीचं मेज पुसलं, पाव मांडले, तीन पेले धुतले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला थोडा दम घेता आला.

दिवस मावळून मगरिब झाल्यावर तो परात आणायला गेला. फळी रिकामी होती. कद्दूरकाका लांब फावड्याने शेवटची परात बाहेर ओढत होता. तिच्यात सार्डिन होते.

"ही माझी नाही," महजूब म्हणाला.

"तुझी कशी असेल? तुमच्या घरून आज काही आलंच नाही."

"मी स्वतः ठेवली, काका. दोन मेर्ला होते."

कद्दूरकाकाचं फावडं थांबलं. "वरून चिखल थापल्यासारखं वाटण होतं, ती?"

"हो."

"अरे देवा. मला वाटलं ती कारखान्यातल्या सड्या पोरांची. बाईचा हात लागलेला दिसत नव्हता रे तिला. ते आले, मी देऊन टाकली." तो महजूबकडे बघेना. "मेननानाची परात मी झोपेतही ओळखली असती. लिंबाच्या चकत्या कौलांसारख्या एकीवर एक, शेपटीपर्यंत. आता हे सार्डिन त्यांचेच असणार. घेऊन जा, बाबा. धाव."

महजूब सार्डिनची गरम परात फडक्यात धरून धावला. कोपऱ्यावर तळलेल्या माशांचं दुकान उघडं होतं. कढईत तेच मेर्ला तळत होते. घ्यावेत, परातीत घालावेत, कोणाला कळणार? तो क्षणभर थांबलासुद्धा. मग म्हाताऱ्या सासूचं नाक आठवलं, रकियाचा चेहरा आठवला, आणि तो पुढे निघाला.

कारखान्यातली चार पोरं रंगाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायची. महजूबने दार ठोठावलं तेव्हा चौघंही परातीभोवती बसलेली होती. एका माशाचा नुसता काटा उरला होता.

"या, उस्ताद, बसा," त्यातला एक सरकून जागा करत म्हणाला. "सार्डिन पाठवले आणि मेर्ला परत आले. म्हटलं काकाची भट्टी पावली."

"तो मासा माझा आहे," महजूब म्हणाला. "माझ्या मुलीचा आहे."

चौघांचे हात जागच्या जागी थांबले. त्यांनी उरलेला मासा नीट मधोमध सरकवला, परात वरून झाकली आणि त्याच्या हातात दिली. सार्डिनही घ्या म्हणून मागे लागले. त्याने घेतले नाहीत. जिन्यात मागून एकाचा आवाज आला, "मीठ जरा जास्त होतं, उस्ताद, पण पोट भरलं."

घरी लाल्ला तामू मेजाशी बसली होती. रकिया पावाचा तुकडा कुस्करत होती. त्याने परात खाली ठेवली. एक मासा आणि बाजूला ओरबाडलेली मोकळी जागा.

"दुसरा कुठे आहे?" सासूने विचारलं.

वाटेत रचलेलं सगळं खोटं त्याच्या तोंडाशी आलं. पण सांगताना त्याने खरं तेच सांगितलं, कद्दूरकाका काय म्हणाला तेही. बाईचा हात नव्हता, हेसुद्धा त्याने गाळलं नाही.

"लाल्ला, मला नाही येत. वर्षभर येणार नाही कदाचित. पण तिला नेऊ नका. मी पाया पडतो तुमच्या."

सासूने माशाचा मधला काटा उचलून बाजूला ठेवला आणि मऊ तुकडा रकियाच्या पुढे सरकवला. रकियाने तो तोंडात घातला आणि नाक मुरडलं.

"आईचा नाहीये हा."

"नाही," महजूब म्हणाला. "माझा आहे."

"लिंबं मी लावायचे," रकिया म्हणाली. "शेपटीकडची. आई डोक्याकडून लावत यायची. काका म्हणूनच ओळखायचा. बा, तू दार का लावून घेतलंस? मला विचारलंच नाहीस."

मेननानाचं नाव घेतलं तर पोर रडेल, म्हणून सत्तर दिवस त्याने ते घेतलं नव्हतं. तिला स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं.

"शेपटीकडे चकत्या छोट्या लागतात," रकिया पुन्हा म्हणाली आणि पुढचा तुकडा उचलला. "नाहीतर घसरतात." मग ती खात राहिली. खारट होता, मध्ये पाणी प्यायली, पुन्हा खायला लागली.

लाल्ला तामू तिच्या हाताकडे बघत होती. तिने स्वतःही एक बटाटा उचलला.

"कच्चा आहे," ती म्हणाली. "बटाटा आधी उकडून घ्यायचा." मग महजूबकडे न बघता म्हणाली, "उद्या नेत नाही मी तिला. आठवडाभर राहते. पुढचं पुढे बघू."

महजूबने मान डोलावली. तो पाणी आणायला उठला, आणि परत येताना स्वयंपाकघराचं दार त्याने उघडंच ठेवलं.