नंबर कुणाला सांगायचा नाय

आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं रत्नमालाकडं जावं. ऑगस्टातली दुपार, सव्वाचार वाजलेले. शहरातल्या छावणी भागात मुख्तारभाईच्या नेट कॅफेत ती बसलेली, आणि नर्सिंगच्या प्रवेशाची वेबसाइट तिला तिच्याच खात्यात घेईना.

जागा लागली होती, बरं का. सरकारी कॉलेज, तेही शहरातलंच. आता खात्यात जाऊन 'जागा मान्य आहे' एवढं बटण दाबायचं राहिलं होतं, तेही संध्याकाळी पाचच्या आत. पाच वाजून गेले की जागा यादीतल्या पुढच्या पोरीची. पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नव्हती, कारण मामानं एक स्थळ आणून ठेवलं होतं आणि 'प्रवेश झाला तर थांबू' एवढ्याच शब्दावर ते अडून होतं. सकाळपासून छावणीत लाईट नव्हती, ती साडेतीनला आली. त्यात कॅफेपुढं ही रांग.

पासवर्ड तिनं बरोबर टाकला. पण त्याच्या पुढं दुसरं दार होतं. मोबाईलवर सहा आकडी नंबर येणार, तो टाकला तरच आत. आणि हे दुसरं दार तिनं स्वतःच बसवून घेतलं होतं. पहिल्या यादीच्या वेळी तिच्या होस्टेलातल्या एका पोरीचा पासवर्ड तिची जन्मतारीख होती. कुणीतरी तिच्या खात्यात घुसलं आणि कॉलेजांचा क्रम उलटापालटा करून गेलं. पोरगी रडून रडून बेजार. ते बघून रत्नमालानं त्याच दिवशी खात्याला दुहेरी पडताळणी लावली. शहाणपणाचंच काम केलं, त्यात खोट नाही. पण नंबर येत होता आबाच्या, म्हणजे तिच्या बापाच्या फोनवर.

फॉर्म भरला तेव्हा ती सुट्टीत वाड्यावर होती. वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे, मेंढपाळांचा फिरता तळ. चार बिऱ्हाडं, दोन घोडी, कुत्री आणि मेंढरं. आख्ख्या वाड्यात फोन एकच, बिरूआबाचा. रेशनपासून जनावरांच्या डॉक्टरापर्यंत सगळ्यांच्या सगळ्या कागदांवर त्याचाच नंबर, तसाच हिच्या फॉर्मवरही. पुढं तिनं स्वतःचा फोन घेतला, पण तो नंबर खात्यात बदलायचं आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं. आता तोही फोन काच फुटून दुरुस्तीला पडलेला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

"माझ्या फोनवरून लाव ना," प्रेरणा म्हणाली. प्रेरणा तिची खोलीतली मैत्रीण. तिच्या वडलांची बायपासला जमीन होती, जिथं आता इमारती उठत होत्या. तिला आणि होस्टेलातल्या सगळ्यांनाच रत्नमालानं सांगून ठेवलं होतं की आमची वैजापूरकडं शेती आहे. मेंढरांचं नाव तिनं दोन वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. 'लई', 'व्हय', 'नाय' हे तर पहिल्याच महिन्यात गिळून टाकलेलं.

तिनं फोन लावला. प्रेरणा शेजारी उभी, मागं रांगेत सात-आठ पोरंपोरी.

"हॅलो बाबा, मी रत्नमाला बोलते आहे. तुमच्या मोबाईलवर आत्ता एक नंबर आला असेल, तो मला सांगता का?"

पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज आला.

"कोण?"

"मी रत्नमाला, बाबा."

"बरं," बिरूआबा म्हणाला. "माझी पोरगी मला आबा म्हणती. ठिव फोन." आणि त्यानंच ठेवला.

"क्या बोले अब्बा?" मुख्तारभाईनं गल्ल्यावरून विचारलं.

"रख दिया."

"हौ, होशियार हैं अब्बा तुम्हारे," असं म्हणून तो पुन्हा झेरॉक्सला लागला.

होशियार कुणी केलं होतं त्याला? हिनंच की! दिवाळीत ती वाड्यावर गेली तेव्हा शेजारच्या वाड्यावरच्या कडुबाचा ताजा घोळ झालेला. कुणीतरी 'कंपनीतून बोलतो' म्हणून त्याच्याकडून मेसेजमधला नंबर काढून घेतला आणि त्याच्या नावानं सगळ्या भावकीला असलं भलतंसलतं पाठवलं की कडुबाला सोयऱ्यात तोंड दाखवायची चोरी झाली. तेव्हा रत्नमालानं आबाला समोर बसवून पढवलं होतं. मेसेजमधला नंबर कुणी म्हणजे कुणी मागितला तरी द्यायचा नाय. ओळखीचा आवाज काढतील, माझंसुदिक नाव घेतील, इस्वास ठिवायचा नाय. आबानं बिरोबाची आण घेतली होती. आणि त्यानं घेतलेली आण म्हणजे दगडावरची रेघ.

दहा मिनिटं संपली आणि पहिला नंबर बाद झाला. दुसरा मागवला. आबानं फोनच उचलला नाही, तोही गेला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली की आता एकदाच नंबर मिळेल, त्यानंतर खातं चोवीस तास बंद. पाचला पंधरा मिनिटं कमी होती. रत्नमालाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं तिसरा नंबर मागवला आणि पुन्हा फोन लावला. चौथ्यांदा लावला तेव्हा कुठं आबानं उचलला.

"परत फोन केला तर पोलिसात दीन तुला," तो म्हणाला.

"आबा, मीच हाय वो," ती हळूच, मागच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलली. "रत्नी."

"मघाशी बाबा, आता आबा. लवकर शिकायलीस की."

"खरंच मीच हाय! माझ्या मायचं नाव बानाबाई."

"ते आधार कार्डावर हाय. साऱ्या दुनियेला ठावं हाय."

"मी लहानपणी कालव्यात पडले होते."

"कोण नाय पडलं कालव्यात?"

प्रेरणाला हसू फुटलं. रत्नमालाला मात्र रडू येत होतं. रागही येत होता, आबाचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. एवढ्यात पलीकडून दुसरा आवाज आला. बानाबाई, तिची माय.

"आवो, आवाज रत्नीचाच हाय."

"आवाज आजकाल कुणाचाबी काढत्यात. तुझी पोरगीच सांगून गेली. अन् आपली रत्नी अशी दबकून बोलती व्हय?"

"मंग मेंढरांना इचारा की," बानाबाई म्हणाली. "माणूस फसंल. मेंढरू नाय फसायचं." मग तिनं फोनपाशी तोंड आणलं. "ए पोरी, तू रत्नी असशील तर हाक मार. आपली हाक. आबा फोन मोठ्यानं लावत्यात. मेंढरं पल्याड कालव्याच्या कडंला हायत, तेव्हा चांगली मार."

प्रत्येक वाड्याची मेंढरांना बोलवायची हाक वेगळी असते. शेजारच्यानं कितीही नक्कल केली तरी कळप मान वर करत नाही. बानाबाईची हाक तिच्या सासूची, आणि रत्नमालानं ती सहा वर्षांची असताना उचलली होती. दहावीपर्यंत आख्खा कळप तिच्या एका हाकेवर फिरायचा. ती हाक कुजबुजून मारता येत नाही. पोटातून काढावी लागते, टाळूवर जीभ थरथरवावी लागते आणि शेवटी गळा ताणून सोडावी लागते.

रत्नमालानं मागं वळून बघितलं. रांगेतली पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून होती. प्रेरणा बघत होती. भिंतीवरच्या घड्याळात पाचला नऊ कमी. तिला लाज वाटली, खरंच वाटली, कानापर्यंत चटका बसला. एका हाकेत दोन वर्षांचं सगळं सोंग उघडं पडणार होतं. जागा गेली तर ते सोंग घेऊन तरी कुठं जायचं होतं म्हणा! ती खुर्चीवरून उठली. बसून ती हाक निघतच नाही.

"हुर्रर्रऽऽ ये ये येऽऽ! हुर्रर्रऽऽ आव गं आवऽऽ!"

मुख्तारभाईच्या हातातले कागद खाली पडले. रांगेतल्या सगळ्या माना वर झाल्या. बाहेर रस्त्यावरचा भाजीवाला दारात येऊन उभा राहिला. फोनमधून काहीच आवाज येईना. वाऱ्याची घरघर तेवढी चालू होती.

"अजून," बानाबाई म्हणाली.

रत्नमालानं डोळे मिटले आणि दुसऱ्यांदा हाक दिली, छाती रिकामी होईस्तोवर. तेव्हा लांबून एक घंटी वाजली. मग दोन. मग नुसता घंट्यांचा आणि खुरांचा गलका, बेंऽऽ बेंऽऽ, कुत्र्यांचं भुंकणं, आणि त्यात बानाबाईचं ओरडणं, "आगं बया बया, फोन तुडवत्याल! सरका, सरका गं!"

"लिही," बिरूआबा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "रत्ने, लिही. नऊ. पूज्य. चार. चार. सात… थांब, ही मेंढी तोंड घालायलीय. सात. अन् एक."

प्रेरणानं एकेक आकडा मोठ्यानं म्हणून दाखवला आणि रत्नमालानं तो टाकला. खातं उघडलं. बटण दाबलं. 'आपली जागा निश्चित झाली आहे.' घड्याळात पाचला पाच कमी. मुख्तारभाईनं न सांगताच प्रिंट काढायला घेतली.

"झालं का?" आबानं विचारलं.

"झालं, आबा. जागा मिळाली."

"लई चांगलं झालं," आबा म्हणाला. "तू दुसरीच कुणी वाटलीस गं. राग धरू नको."

"राग कामून धरू? मीच सांगितलं होतं की तुमाला."

"त्याचं नाय म्हणत मी," आबा म्हणाला.

रत्नमालाला ते कळलं, आणि आता मात्र तिला रडू आवरेना. सगळ्यांदेखत ती हुंदके देत रडली. प्रेरणानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "किती मेंढ्या आहेत गं तुमच्या?"

"आकडा सांगत नसत्यात, दिष्ट लागती," रत्नमाला नाक पुसत म्हणाली. "लई हायत." दोन वर्षांत पहिल्यांदाच ती प्रेरणाशी अशी बोलली. तिचं तिलाच जरा हलकं वाटलं.

तिनं फोन प्रेरणाला द्यायला उचलला, पण पलीकडून बानाबाई अजून बोलत होती.

"आगं रत्ने, ठिवू नको! ह्या हलंनात की. समद्या फोनला घेरून उभ्या हायत. यंदा पावसाचा पत्ता नाय, दिवसभर हिंडून आत्ता कुठं त्यांना कालव्याकडंला थोडं हिरवं घावलं होतं, तेबी सोडून आल्या. तू कुठं हायस ते बघायल्यात. ती म्हातारी काळी तर वाटंवर जाऊन उभी राह्यलीय. आमचं ऐकनात. तूच बोलावलंस, तूच सांग त्यांना, जा म्हणावं."

माघारी पाठवायची हाक निराळी असते. ती खालच्या सुरात असते, समजावल्यासारखी. रत्नमालानं फोन तोंडाजवळ धरला. ह्यावेळी तिनं मागं वळून बघितलं नाही.

"हाऽऽ… हाऽऽ… जा गं, जा. चरा जाऊन. हाऽऽ… जा गं काळे."

फोनमधल्या घंट्या हळूहळू लांब गेल्या.

"गेल्या का, माय?"

"गेल्या," बानाबाई म्हणाली. "काळी लई येळ थांबली, पण गेली. आता तूबी जा, बाळा. तुला तिकडं कामं असत्याल."