दोघांचं टेबल

मी टेबल बोलतोय. शिरूरच्या एका सहकारी संस्थेच्या कचेरीतला, खिडकीजवळचा. इथल्याच एका सुताराने मला मोठ्या साहेबांसाठी चांगलं लांबरुंद घडवलं. पण साहेबांना पुण्याहून लोखंडी टेबल आलं आणि मी दोन कारकुनांच्या वाट्याला आलो. मला त्याचा राग आला नाही. दोघं बसले की कानावर चार गोष्टी पडतात.

आधी आले बबनराव. जवळच्या खेड्यातले, शेतीवाडी असलेले, स्वभावाने गरीब. पण नीटनेटकेपणाचं वेड असं, की विचारू नका! सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मला ओल्या फडक्याने पुसायचे, मग कोरड्याने. टाचण्यांची तोंडं एका दिशेला. पुसताना स्वतःच्या कोपराचा घाम लागला, तरी पुन्हा फडकं. माझं पॉलिश गेलं, पण सांगतो कोणाला?

चौऱ्याहत्तर साली समोरच्या खुर्चीवर आनंदराव आले. पाबळकडचे, बौद्ध समाजातले, कचेरीत नोकरी मिळवलेले त्यांच्या घरातले पहिलेच. ते एसटीने येईपर्यंत बबनरावांची स्वतःच्या जागेची पुसापुशी उरकलेली असायची. आनंदरावांना दिसायचं ते एवढंच, की आपण जरा उठलो, की हा माणूस मागे आपली जागा पुसतो. चहाचा कप उचलला, की पुसतो.

दर वेळी त्यांचा चेहरा उतरायचा. मला वाईट वाटायचं. ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, हा स्वतःच्या मागेही असाच पुसतो! पण लाकडाला तोंड कुठलं?

एका दुपारी आनंदराव बोललेच. "बबनराव, गावच्या हाटेलात माझ्या बापाचा कप भाईर ठेवायचे. ते निदान तोंडावर सांगायचे तरी. तुम्ही कशापायी पुसता?"

बबनराव पांढरेफटक पडले. "तसं काय न्हाई वो. सवय हाय माझी."

"समदे सवयच म्हणत्यात."

समजावून सांगणं बबनरावांना कुठलं जमायला? माणूस पडला मुखदुर्बळ. त्यांनी आपल्या परीने उपाय काढला. दुसऱ्या दिवसापासून आनंदरावांच्या बाजूला फडकं लावणं बंद. हात शिवशिवले, की मांडीखाली दाबून बसायचे. माझ्या अर्ध्या अंगावर धूळ साचली. बबनरावांना वाटलं, आता गडी खूश होईल. आनंदरावांना वाटलं, आता तर हा माझ्या बाजूला हातसुद्धा लावत नाही.

त्यांनी दौंडच्या शाखेत बदली मागून घेतली. जाताना "येतो" म्हणाले, ते फक्त हरिबा शिपायाला.

मग खुर्ची रिकामी. बबनराव दिवसदिवस तिच्याकडे बघत बसायचे. त्यांचं चुकलं होतं, पण त्यांना पाहून मला भडभडून यायचं. शेवटी एक दिवस रजा टाकून ते दौंडला गेले, सगळं समजावून सांगायला.

परत आल्यावर हरिबाने विचारलं, "भेटले का आनंदराव?"

"भेटले. बसवलं, चहा पाजला. मी समदं सांगितलं. 'व्हय, व्हय' म्हणले. मग मी उठलो आन् दारातून वळून पाह्यलं, तर फडकं घिऊन माझी जागा पुसत व्हते."

हरिबाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मुद्दाम केलं, का चहा सांडला व्हता, कळंना. दौंडपासनं हितवर त्येच डोक्यात. हरिबा, त्यांनी ह्ये रोज सोसलं रे."

असं म्हणून बबनराव उठले आणि पहिल्यांदाच आनंदरावांच्या खुर्चीवर, त्या धुळीपुढे, जाऊन बसले.

याला आता बरेच दिवस झाले. समोर नवा माणूस आलेला नाही. मला फार एकटं वाटतं. तुमच्यापैकी कोणी दौंडला जाणार असेल, तर आनंदरावांना एवढं सांगा, की बबनराव खोटं बोलले नव्हते. मी रोज पाहत होतो. त्यांना माफ करा, असं मी म्हणणार नाही. ते आनंदरावांनीच ठरवावं. पण बबनराव रोज एसटी यायच्या वेळेला दाराकडे बघतात, हेही मीच पाहतो.