छातीवर यंत्र बांधले तो दिवस

वाचकहो, माझ्या छातीत उद्भवलेल्या धडधडीचा आणि तिच्या उलगड्याचा वृत्तांत मी पुढे यथामती निवेदन करीत आहे.

मी भिंती रंगविणारा कारागीर. शिडीवर असता माझे काळीज एकाएकी उसळी घेई, क्षणभर थबके आणि मग ढोल बडवल्यागत धावू लागे. शिडी सुटली तर संसार कशावर चालावा, या चिंतेने धडधड दुणावे.

तपासायला गेलो, तर डॉक्टरबाईंसमोर मात्र काळीज गरीब गाईसारखे चाले. म्हणून त्यांनी छातीवर एक लहानसे यंत्र बांधले. "हे दिवसरात्र ठोके टिपेल. धडधडलं की बटण दाबा."

यंत्रासमोर घराची अब्रू जाऊ नये, असे घरच्यांनी ठरविले. पत्नीने चहा बंद केला. मेहुण्याने माझी तंबाखू स्वतःच्या खिशात घातली. एरवी माझ्याशी धड न बोलणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, उशी देऊ का?"

"दाजी, यंत्र काढूच नका," मेहुणा कुजबुजला. "आईचा स्वभाव सुधारतोय."

अहवाल निर्मळ आला.

"दिवसभर काय केलंत?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"पडून होतो."

"अहो, पाहुणे येणार म्हणून घर आवरतात, तसं काळीज आवरून आणलंत! पुन्हा बांधा आणि रोजच्यासारखं जगा."

दुसऱ्या खेपेस मी चहा ढोसला, तंबाखू मळली, कामावर गेलो. खालच्याच पायऱ्यांवर उभा होतो. शिडी मेहुण्याने धरली होती. दुपारी काळीज उसळले. मी बटण दाबून ओरडलो, "आली! आली!"

"वरात आल्यासारखं काय ओरडता? शिडी हलतेय!"

डॉक्टरबाईंनी नवा अहवाल निरखला. "मधूनच जादा ठोके पडतात. मागच्या खेपेस केलेली तुमच्या हृदयाची सोनोग्राफी चांगली आहे, तेव्हा धोका नाही. पण चहा कमी, तंबाखू बंद, झोप पुरेशी. धडधडलं की खाली उतरून बसा, श्वास सावकाश सोडा. चक्कर आली, छातीत दुखलं, धाप लागली, तर मात्र तडक इथे."

"आणि शिडी?" मी विचारले.

"चढा की!"

तंबाखूने मला फार छळले, हे नमूद करणे प्राप्त आहे. पुढल्या आठवड्यात छताजवळ असता पुन्हा उसळी आली. मी उतरलो, बसलो, श्वास सोडीत राहिलो.

"जाऊ का डॉक्टरबाईंकडे?" मेहुण्याचा चेहरा पांढराफटक.

"थांब. जाईल."

गेली. मग मी वर चढून उरलेला पट्टा रंगवून पुरा केला.

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
लंबू रंगारी