शोभेची म्हणून गप्प केलेली चौकट

मी एक जुनी चौकट आहे. खिडकीची नव्हे, फोटोची नव्हे आणि पत्त्यांतली तर मुळीच नव्हे. मी विज्ञानाच्या पुस्तकातली चौकट आहे. 'ध्वनी' नावाच्या धड्यात उजव्या हाताला फिकट निळ्या रंगात बसलेली असते ना, तीच मी. मित्रांनो, तुम्ही मला नक्की ओळखता. धडा वाचायचा कंटाळा आला की तुम्ही आधी माझ्याकडेच पळत येता. लाजू नका, सगळेच येतात.

माझा जन्म तसा उशिराचा. पुस्तक लिहिणारे गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले होते आणि त्यांना थांबणे म्हणून काही माहीतच नव्हते. धडा लिहून झाला, मांडणी करायला गेला, आणि मग त्यांचा फोन आला. "अहो, खरी गंमत तर राहूनच गेली. एवढी कुठेतरी कोंबा." ती कोंबलेली गंमत म्हणजे मी.

माझ्या पोटात काय आहे ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचे सगळे नीट कळेल. काचेच्या सारख्या बाटल्या घ्या आणि त्यांत कमीजास्त पाणी भरा. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली, तर जास्त पाण्याची बाटली वरच्या स्वरात वाजते. पण तिच्यावर चमचा वाजवला की अगदी उलटे होते. जास्त पाण्याची बाटली खालच्या स्वरात वाजते. कारण फुंकर घालताना बाटलीतली हवा थरथरते, आणि चमचा वाजवताना काच आणि पाणी थरथरतात. बस, एवढीच मी. पण धड्यात फक्त फुंकरीबद्दल लिहिले आहे. चमच्याबद्दल पुस्तकात दुसरे कोणीही काही बोलत नाही. माझ्याशिवाय.

मला घडवले ते मांडणी करणाऱ्या ताईंनी. टायरच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचे आमचे कार्यालय. खालून रबराचा वास यायचा आणि वर पंखा कुरकुरायचा. ताईंच्या कळफलकावरची निम्मी अक्षरे पुसून गेली होती, तरी त्यांची बोटे कधी चुकायची नाहीत. त्यांनी मला रुंद केले, अरुंद केले, पुन्हा रुंद केले. पिवळा रंग देऊन पाहिला आणि नाक मुरडले. शेवटी हा निळा सापडला. माझे चारही कोपरे त्यांनी गोल केले.

आमचे मालक मागे उभे राहून बघत होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. "ताई, एका चौकटीचं किती कौतुक. लग्न लावून द्यायचंय का तिचं?"

"मुलं आधी हिच्याकडेच बघणार, साहेब. हिला नीटनेटकं नको का पाठवायला?"

मित्रांनो, हे वाक्य मी जन्मभर सांभाळून ठेवले होते. म्हणून तर पुढे जे झाले ते मला इतके लागले.

छापील पुस्तकात माझे फार छान दिवस गेले. मुलांनी माझ्यातल्या बाटल्यांच्या चित्राला मिशा काढल्या, मला रागही आला नाही. शिक्षक वर्गात सांगायचे, "चौकटीतलं नीट वाचा रे, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात." मग काय, माझी मान अशी ताठ व्हायची की पानाची कड वाकडी व्हावी. शेजारचा लांबच लांब परिच्छेद माझ्यावर जळायचा. जळू दे.

मग एक दिवस साहेब जिना धापा टाकत चढून आले आणि म्हणाले, "आपली पुस्तकं आता फोनवर येणार. आणि ज्यांना दिसत नाही, त्यांनासुद्धा वाचता येणार. फोन स्वतः वाचून दाखवेल."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. इतकी वर्षे मुले मला डोळ्यांनी वाचत होती. आता मी कानांनी वाचली जाणार होते, आणि मी तर आवाजाचीच चौकट.

पण एक अडचण होती. कागदावर मी बाजूला बसते. वाचणाऱ्याची नजर माझ्याकडे उडी मारते आणि परत धड्यात जाते. फोनला अशी उडी मारता येत नाही. तो सगळे एकामागून एक, एका रांगेत वाचतो. त्यामुळे रांगेत मला कुठे उभे करायचे, हे माणसाने ठरवावे लागते. ताईंनी पहिल्यांदा मला फोनमध्ये घातले, तेव्हा मी नेमकी एका वाक्याच्या मध्ये जाऊन पडले. फोन वाचू लागला, "बाटलीतला हवेचा स्तंभ जितका लहान, करून बघा, काचेच्या सारख्या बाटल्या घ्या."

साहेब हसत सुटले. "हे काय, रेडिओवर दोन केंद्रं एकदम लागलीत का?"

ताईंचे कान लाल झाले. खरे तर उपाय अगदी सोपा होता. परिच्छेद संपल्यावर मला ठेवायचे, मला एक शीर्षक द्यायचे, आणि मी कुठे सुरू होते, कुठे संपते ते फोनला कळेल असे करायचे. ताईंना ते येत होते. पण त्यांना दुसरेच दुःख होते. फोनच्या लहानशा पडद्यावर माझे गोल कोपरे गेले होते, निळा रंग उडाला होता आणि एक ओळ कुंपण ओलांडून बाहेर लोंबत होती. ते त्यांना बघवेना. त्यात साहेबांची घाई. पुस्तकात माझ्यासारख्या खूप चौकटी होत्या आणि पुस्तक त्याच दिवशी द्यायचे होते.

मग ताईंनी मला टिपले. म्हणजे माझा जसाच्या तसा फोटो काढला आणि माझ्या जागी तो चिकटवला. कोपरे वाचले, रंग वाचला. पण माझी अक्षरे आता अक्षरे राहिली नाहीत, नुसते चित्र झाले. आणि चित्रातले फोनला वाचता येत नाही.

तरीही एक वाट उरली होती. पुस्तक तपासणारी एक प्रणाली असते. तिने लाल खूण दाखवून विचारले, या चित्राचे वर्णन कुठे आहे? तिथे माझा मजकूर पुन्हा लिहिला असता तरी मी बोलले असते. ताईंनी सुरुवातही केली. "काचेच्या सारख्या बा" एवढे लिहिले.

"ताई, झालं का?" आतल्या खोलीतून साहेब ओरडले.

"झालंच, साहेब."

आणि ताईंनी ते पुसले. खालीच एक छोटा चौकोन होता. त्याच्यासमोर लिहिले होते, 'केवळ शोभेसाठी'. त्यांनी त्यावर खूण केली. लाल रंग गेला, हिरवा आला. शोभेच्या चित्रापाशी फोन थांबत नाही. तिथे काही नव्हतेच, अशा थाटात पुढे जातो.

मित्रांनो, परक्याने केले असते तर मी एवढी रडले नसते. ज्या हातांनी माझे कोपरे गोल केले, त्याच हातांनी मला शोभेची ठरवले. सगळ्या हिरव्या खुणा बघून साहेब खूश झाले आणि पुस्तकाच्या पहिल्याच पानावर झोकात छापले, 'सर्वांना वाचता येईल असे पुस्तक'. मी आत तोंड शिवल्यासारखी बसून होते.

अशीच मी एका मुलीच्या फोनमध्ये पोहोचले. घरात तिला सगळे तुरतुरी म्हणत, कारण ती कधी हळू चालायची नाही. तिला दिसत नव्हते, पण घरातल्या खुर्च्यांना हे कुणी सांगितले नसावे, इतकी ती सफाईने त्यांच्यामधून जायची. फोन ती इतक्या भरधाव वेगात ऐकायची की तिचा दादा म्हणायचा, "हे पुस्तक आहे की पोपटाचं भांडण?"

"तुझे कान म्हातारे झालेत, दादा."

याआधी तिचे धडे दादा किंवा आई वाचून दाखवायचे. दादा कंटाळला की ओळी गाळायचा, आणि तिला ते लगेच कळायचे. या वर्षी तिने सगळ्यांना सांगून टाकले होते, "मला कुणी वाचून दाखवायचं नाही. माझं पुस्तक मी वाचणार."

शाळेतले प्रयोग मात्र ती कधीच करायची नाही. तिला एका मैत्रिणीच्या शेजारी बसवत. मैत्रीण प्रयोग करणार आणि ही नुसते उत्तर ऐकून घेणार. तुरतुरीला ते अजिबात सहन होत नव्हते. तिने विज्ञानाच्या बाईंचा पिच्छाच पुरवला. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं बाई. ध्वनीचा प्रयोग एकटीने करून दाखव. जमला, तर पुढचे सगळे तुझे तू कर. नाही जमला, तर हट्ट नाही करायचा."

तुरतुरी घरी आली ती उड्या मारतच. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाटल्या तिने टेबलावर मांडल्या. आईने विचारले, "अगं, पाणी प्यायला तरी एखादी ठेवशील का?" फोनने धडा वाचला. परिच्छेद संपला, माझी जागा आली, आणि फोन मला ओलांडून थेट पुढच्या परिच्छेदात गेला. मी तिच्या बोटाखालीच होते हो. तिचे बोट माझ्यावरून सरकले आणि तिला कळलेसुद्धा नाही.

तिने फुंकरी घातल्या. जास्त पाणी, वरचा स्वर. अगदी धड्यासारखे. मग गंमत म्हणून तिने चमचा वाजवला आणि ती थबकली.

"दादा, हे उलटं का वाजतंय?"

"पुस्तकात काय म्हटलंय?"

"जास्त पाणी, वरचा स्वर. एवढंच."

"मग तुझंच काहीतरी चुकत असेल. पुस्तक कशाला खोटं बोलेल?"

तिने पुन्हा वाजवले. पुन्हा उलटे. मग तिने चमचा खाली ठेवला आणि स्वतःशीच म्हणाली, "माझाच कान चुकला." मित्रांनो, तिचा कान चुकला नव्हता. ती शंभर टक्के बरोबर होती आणि ते सांगणारी मी तिच्या हातात होते. मी किंचाळले असते, पण शोभेच्या वस्तूला किंचाळता येत नाही.

प्रयोगाच्या दिवशी तिने फुंकरी झकास घातल्या. बाई हसल्या. मग त्यांनी तोच हमखास प्रश्न विचारला. "आता या बाटल्यांवर चमचा वाजवला, तर वरचा स्वर कुठली देईल?"

एकीकडे तुरतुरीचा कान होता, दुसरीकडे पुस्तक. तिने पुस्तकावर विश्वास ठेवला.

"जास्त पाण्याची."

"वाजव बरं."

तिने वाजवला. सगळ्या वर्गाने ऐकले. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसले. शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली, "अगं, चौकटीत दिलंय की."

"कुठल्या चौकटीत?"

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या वेळेपासून जोडीनंच करत जा."

घरी येऊन तिने फोन दादाच्या हातात दिला. "धडा उघड. चौकट आहे का सांग."

"ही काय. चांगली मोठी निळी आहे." दादाने मला मोठ्याने वाचले. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. तुरतुरीने फोन परत घेतला. पुस्तकाच्या सुरुवातीला आमच्या कार्यालयाचा नंबर होता. तो फोनने तिला नीट वाचून दाखवला. तिने तो लावला आणि ताईंनी उचलला.

"तुमच्या पुस्तकातली चौकट माझा फोन का वाचत नाही?"

ताईंनी पान विचारले, पान बघितले आणि म्हणाल्या, "अगं बाळा, तो मुख्य धडा नाही ना. जादाची माहिती आहे. म्हणून ती..."

"महत्त्वाची नव्हती, तर रंगवलीत कशाला?"

टायरच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होते, तेवढाच आवाज येत राहिला.

ताईंनी मला दुरुस्त केले, हे खोटे कशाला सांगू. माझा फोटो काढून टाकला आणि अक्षरे परत दिली. मला परिच्छेदाच्या शेवटी ठेवले, शीर्षक दिले. पण बाकीच्या चौकटींना हात लावायला साहेबांनी वेळ दिला नाही. "तक्रार एकीचीच आली ना? बाकीच्यांचं पुढच्या आवृत्तीत बघू." पुस्तकाच्या पहिल्या पानावरची ती झोकदार ओळ मात्र जागच्या जागी राहिली.

तुरतुरीने दुरुस्त केलेले पुस्तक फोनवर उतरवून घेतले. पहिल्यांदा तिने मला ऐकले, आणि तेही हळू वेगात. चमच्याचे वाक्य आले तेव्हा म्हणाली, "मी बरोबर ऐकलं होतं." एवढेच. मी वाट बघत होते की ती हसेल. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सगळे सांगितले. बाईंनीही मला ऐकले आणि म्हणाल्या, "खरंच, वाईट झालं गं. पण यंदाच्या जोड्या लावून झाल्यात."

मित्रांनो, तुमच्यातले कुणी मोठे होऊन पुस्तके मांडतील. मला सुंदर केले नाही तरी चालेल, पण मला बोलू द्या. माझे काय करायचे ते वाचणाऱ्याला ठरवू द्या. त्याला मी नको असेन, तर तो मला टाळून जाईल, मला राग नाही. पण मी आहे हे तरी त्याला कळू द्या. आणि पुस्तके मांडणार नसाल, तरी एक काम तुमचेही आहे. ते काय, ते काल संध्याकाळी मी पाहिले.

तुरतुरी पुढचा धडा ऐकत होती. आता ती भरधाव जात नाही. परिच्छेद संपला की थांबते. काल ती थांबली आणि तिने हाक मारली, "दादा, इथे चौकट आहे का रे?"

दादा पलीकडे बुटाची नाडी बांधत होता. बाहेर मित्र वाट बघत होते.

"नाही गं," तो म्हणाला.

त्याने पानाकडे पाहिलेच नव्हते. तिथे माझी बहीण, अजून गप्पच असलेली एक हिरवी चौकट, बसली होती. तुरतुरी पुढच्या परिच्छेदात गेली.

तुम्हांला कुणी असे विचारले, तर मित्रांनो, नाडी राहू द्या. आधी पान बघा.